एका सुरात बोलायचं कुणी? देशांचे गट व्यापार करार कसे करतात, आणि त्याचा आपल्या ऊस-दुधाशी काय संबंध

(नृसिंहवाडी इथे नोव्हेंबर २०२५ मध्ये झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)



आजचा विषय जरा लांबचा वाटेल. युरोपीय संघ, मर्कोसुर, एफ्टा, आसियान ही नावं आपण बातम्यांत ऐकतो आणि पान उलटतो. ब्रुसेल्समध्ये किंवा जिनिव्हात कुणीतरी सह्या करतं, त्याचं शिरोळ तालुक्याला काय, असं वाटणं साहजिक आहे. पण मी आज एकच गोष्ट सांगायला आलोय. या करारांमध्ये जे चालतं ते तुम्हाला नवं नाही. तुम्ही ते दरवर्षी बघता, फक्त त्याला तुम्ही वेगळं नाव देता.

बघा, दर हंगामाच्या तोंडावर इथून जवळच जयसिंगपूरला ऊस परिषद होते. या हंगामासाठी केंद्राने एफआरपी ठरवली आहे क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये, १०.२५ टक्के उताऱ्याला. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. त्यावर पहिली उचल किती, दुसरा हप्ता किती, यावर घासाघीस सुरू होते. आता यात दोन बाजू कोण आहेत? एका बाजूला एकटा शेतकरी आणि दुसऱ्या बाजूला एकटा कारखाना, असं चित्र नसतं. एका बाजूला शेतकऱ्यांची संघटना असते आणि दुसऱ्या बाजूला कारखानदार मंडळी. दोन्ही गट आहेत. आणि दोन्ही गटांची अडचण एकच असते, ती म्हणजे आपल्यातल्या सगळ्यांना एका बाजूला धरून ठेवणं. एका कारखान्याने वेगळा दर जाहीर केला की बाकीच्यांची पंचाईत. चार गावांनी आधी तोडी घेतल्या की आंदोलनाची धार गेली.

गटागटांमधल्या व्यापार कराराचं मर्म हेच आहे. समोरच्याशी भांडण्याआधी घरातल्यांशी ठरवावं लागतं. त्यामुळे कुठल्याही गटाच्या दोन वाटाघाटी असतात, एक आतली आणि एक बाहेरची. आणि बहुतेक वेळा आतलीच जास्त अवघड असते.

गट म्हणजे नेमकं काय?

सगळे गट सारखे नसतात. हे आधी नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

पहिला प्रकार, मुक्त व्यापार क्षेत्र. यात सभासद देश एकमेकांच्या मालावर शुल्क लावत नाहीत, पण बाहेरच्यांसाठी प्रत्येकाचं शुल्क वेगळं असतं. एफ्टा हा असा गट. त्यात स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन असे चारच देश.

दुसरा प्रकार, जकात संघ. यात आतमध्ये शुल्क नाही आणि बाहेरच्यांसाठी सगळ्यांचं शुल्क एकच. युरोपीय संघ हा असा गट आहे. दक्षिण अमेरिकेतला मर्कोसुर, म्हणजे ब्राझील, अर्जेंटिना, उरुग्वे, पराग्वे वगैरे, हाही स्वतःला जकात संघ म्हणवतो, पण त्यात अपवाद बरेच आहेत.

आपल्याकडचं उदाहरण देतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्याआधी कोगनोळी नाक्यावर ट्रकांच्या रांगा लागायच्या, ते तुमच्यापैकी अनेकांनी बघितलंय. महाराष्ट्राचा कर वेगळा, कर्नाटकाचा वेगळा, कागद वेगळे. जीएसटीनंतर ते नाके गेले. पण त्याच्या बदल्यात राज्यांनी काय दिलं? स्वतःचा कर स्वतः ठरवायचा अधिकार. आता जीएसटी परिषदेत केंद्राचं मत एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागतं. म्हणजे महाराष्ट्राला एकट्याला काही बदलता येत नाही. गटात आलात की बाजार मोठा मिळतो, पण एकट्याने हालचाल करायची मोकळीक जाते. ही अदलाबदल प्रत्येक गटात असते.

युरोपीय संघात ती पूर्ण झाली आहे. फ्रान्सला किंवा जर्मनीला भारताशी स्वतंत्र व्यापार करार करताच येत नाही. सगळे सभासद देश मिळून आयोगाला अधिकारपत्र देतात, कशावर बोलायचं, कुठे थांबायचं, आणि मग आयोगाचा माणूस सगळ्यांच्या वतीने बोलतो. समोर बसणाऱ्याला याचा फायदाही आहे आणि त्रासही. फायदा असा की एकाशी बोललं की सत्तावीस देशांशी बोलणं झालं. त्रास असा की तो माणूस म्हणतो, "मला तुमचं पटतंय हो, पण माझ्या अधिकारपत्रात ते बसत नाही." आपल्याकडे नाही का, "संचालक मंडळापुढे ठेवतो" म्हणतात? तसंच.

व्यापार करार आणि सहयोग करार

आता आणखी एक फरक. नुसता व्यापार करार म्हणजे शुल्क, कोटा, मालाचे नियम. सहयोग करार त्याहून मोठा असतो. त्याचे साधारण तीन भाग असतात, एक राजकीय संवाद, दुसरा सहकार्य म्हणजे मदतनिधी, शिक्षण, पर्यावरण वगैरे, आणि तिसरा व्यापार. युरोपने १९६१ मध्ये ग्रीसशी आणि १९६३ मध्ये तुर्कस्तानशी असे करार केले. २०१२ मध्ये मध्य अमेरिकेतल्या देशांच्या गटाशी केला, तो खऱ्या अर्थाने गटाशी गटाचा सहयोग करार.

मोठा करार चांगला की छोटा? मोठ्यात देवाणघेवाणीला जागा जास्त असते. इथे दिलं तर तिथे घेता येतं. पण त्याला मंजुरीही जास्त जणांची लागते. २०१६ मध्ये युरोप आणि कॅनडाचा करार सहीपर्यंत आला होता. तो बेल्जियममधल्या वॉलोनिया नावाच्या प्रांताच्या विधिमंडळाने अडवला. एका देशातला एक प्रांत! त्यांना शेतीची आणि परदेशी गुंतवणूकदारांच्या खास न्यायालयाची काळजी होती. काही दिवस सगळा युरोप आणि कॅनडा त्या प्रांताची मनधरणी करत होता. स्पष्टीकरणाची कलमं जोडल्यावरच ३० ऑक्टोबर २०१६ ला सही झाली.

यावरून युरोपीय संघाने धडा घेतला. आता ते व्यापाराचा भाग वेगळा काढतात. म्हणजे त्याची मंजुरी ब्रुसेल्समध्येच उरकता येते, प्रत्येक देशाच्या संसदेकडे जावं लागत नाही. मर्कोसुरशी केलेल्या करारातही यंदा हीच वाट धरली आहे. कराराचा आकार कसा ठेवायचा हा कारकुनी प्रश्न नसतो. "नाही" म्हणायचा अधिकार कुणाला राहील, हे त्यातून ठरतं.

साखरेची गोष्ट: लोमे, १९७५

आता आपल्या जिव्हाळ्याच्या मालाकडे येतो. गटाने गटाशी केलेल्या कराराचं सगळ्यात बोलकं उदाहरण साखरेचंच आहे. आणि त्यात मराठी माणूसही आहे.

मॉरिशसला मराठी समाज आहे हे तुम्हाला माहीत असेल. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून लोक तिकडे उसाच्या मळ्यांवर गेले, त्यात कोकणातले बरेच. त्यांना गिरमिटिये म्हणायचे. गिरमिट हा शब्द आला कुठून? 'अ‍ॅग्रीमेंट'वरून. म्हणजे करार. मळ्यावरच्या मजुराला कराराची कलमं ठरवायचा अधिकार नव्हता, फक्त अंगठा उठवायचा. पुढे १९६८ मध्ये मॉरिशस स्वतंत्र झालं आणि काही वर्षांतच त्या देशाचे प्रतिनिधी युरोपसमोर करार ठरवायला बसले. तो करार होता साखरेचा.

पार्श्वभूमी अशी. ब्रिटन १९५१ पासून राष्ट्रकुलातल्या देशांकडून ठरलेल्या भावाने साखर घेत होतं. १ जानेवारी १९७३ ला ब्रिटन युरोपीय समुदायात गेलं. आता बाहेरून काय घ्यायचं हे युरोप ठरवणार, आणि युरोपकडे स्वतःची बीटची साखर होतीच. मॉरिशस, फिजी, गयाना, जमैका यांच्या पोटावरच पाय. मग आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिक भागातले ४६ देश एकत्र आले आणि त्यांनी ठरवलं, आपण वेगवेगळे बोलायचं नाही. नशीब असं की १९७४ मध्ये जगात साखरेचा तुटवडा पडला, भाव प्रचंड चढले आणि युरोपलाच पुरवठ्याची काळजी लागली.

इथे या गटाने शहाणपण दाखवलं. भाव चढलेला असताना आज मिळतो तो पैसा घ्या, असा मोह होताच. पण त्यांनी मागितली ती दीर्घकाळची हमी. २८ फेब्रुवारी १९७५ ला टोगो देशाची राजधानी लोमे इथे करार झाला, आणि त्याला साखरेचा एक स्वतंत्र जोडकरार होता. युरोप दरवर्षी सुमारे १३ लाख टन साखर हमीभावाने घेणार. त्यातला एक तृतीयांशाहून जास्त वाटा एकट्या मॉरिशसचा. आणि मुख्य म्हणजे, या जोडकराराला शेवटची तारीख नव्हती.

भारताचंही नाव यात येतं बरं का. आपण त्या गटात नव्हतो, पण आपल्याशी युरोपने तसाच वेगळा करार केला. सुरुवातीला कोटा २५,००० टनांचा होता, पुढे तो १०,००० टनांवर आला. एकट्याने बोलल्यावर काय मिळतं आणि गटाने बोलल्यावर काय मिळतं, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. अर्थात आपली साखर आपण घरीच खातो, मॉरिशसला ती विकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, हेही लक्षात घ्यायला हवं.

पुढची तीस वर्षं युरोपचा हमीभाव जागतिक बाजाराच्या बराच वर राहिला. त्या पैशावर मॉरिशसने शाळा काढल्या, कापडगिरण्या आणि पर्यटन उभं केलं. हमीभावाचा पैसा नुसता खाल्ला नाही, दुसरीकडे लावला.

हमी कुठे फाटली?

मग ही हमी गेली कशी? दोन ठिकाणी फाटली.

एक, बाहेरून. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड यांनी जागतिक व्यापार संघटनेत युरोपच्या साखर अनुदानाविरुद्ध तक्रार केली आणि २००५ मध्ये ते जिंकले. युरोपने आतला भाव ३६ टक्क्यांनी खाली आणायचं ठरवलं. हमीभाव त्या भावाला बांधलेला, तोही खाली आला.

दुसरं, आतून. जोडकराराला शेवटची तारीख नव्हती हे खरं, पण एक कलम होतं की कुठलीही बाजू दोन वर्षांची सूचना देऊन बाहेर पडू शकते. सगळ्यांनी "कायमची हमी" एवढंच लक्षात ठेवलं होतं. २००७ मध्ये युरोपने सूचना दिली आणि १ ऑक्टोबर २००९ पासून जोडकरार संपला. तोवर आफ्रिका-कॅरिबियन-पॅसिफिक हा एक गट राहिला नव्हता. नवे करार युरोपने प्रदेशाप्रदेशाशी स्वतंत्रपणे ठरवायला घेतले होते. कॅरिबियन देशांनी २००८ मध्ये सही केली. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेच्या गटातून मॉरिशस, सेशेल्स, मादागास्कर आणि झिंबाब्वे यांनी २००९ मध्ये केली, बाकीचे मागे राहिले. १९७५ ला एका आवाजात बोलणारे आता वेगवेगळ्या टेबलांवर बसले होते.

परिणाम काय झाला? कॅरिबियनमधलं सेंट किट्स हे छोटं बेट. तिथे तीनशेहून जास्त वर्षं ऊस होता. २००५ च्या हंगामानंतर सरकारने तिथला साखर उद्योग बंद केला. मॉरिशसमध्ये उद्योग टिकला, पण कारखाने एकत्र करून, कमी करून, आणि साध्या कच्च्या साखरेऐवजी खास प्रतीची साखर बनवून. म्हणजे करार तोच, सूचना तीच, पण ज्याने वेळेत तयारी केली तो उभा राहिला.

यातून तीन गोष्टी घ्यायच्या. गट टिकला तर किंमत मिळते. हमी किती मोठी यापेक्षा ती मोडायची कशी, हे सांगणारं कलम आधी वाचावं. आणि हमीच्या काळातच हमीनंतरची सोय करावी.

टेबलावर प्रत्यक्ष काय चालतं?

आता आजच्या वाटाघाटी कशा चालतात ते पायरीपायरीने बघू. आपल्या देशाचं ताजं उदाहरण घेतो, भारत आणि एफ्टाचा करार. चर्चा २००८ मध्ये सुरू झाली, मध्ये थांबली, पुन्हा सुरू झाली. सही १० मार्च २०२४ ला, आणि लागू झाला १ ऑक्टोबर २०२५ पासून, म्हणजे मागच्याच महिन्यात. सुरुवातीपासून अंमलापर्यंत सतरा वर्षं! युरोपीय संघ आणि मर्कोसुर यांनी १९९९ मध्ये सुरुवात केली आणि डिसेंबर २०२४ मध्ये चर्चा संपल्याचं जाहीर केलं, पंचवीस वर्षं. भारत आणि युरोपीय संघ २००७ ला बसले, २०१३ ला थांबले, २०२२ ला पुन्हा बसले, आणि आज मी बोलतोय तेव्हा ती चर्चा चालू आहे. इतका वेळ का लागतो?

पहिली पायरी, यादी. जगातल्या प्रत्येक मालाला एक सांकेतिक क्रमांक असतो. साखर १७०१. दूध पावडर ०४०२. लोणी आणि तूप ०४०५. अशा हजारो ओळी असतात. प्रत्येक देश त्यांचे गट पाडतो. हे लगेच शून्य शुल्कावर, हे पाच वर्षांत, हे दहा वर्षांत, हे ठरावीक कोट्यापुरतं, आणि हे अजिबात नाही. एफ्टाच्या करारात आपण ८२.७ टक्के ओळींवर सवलत दिली, त्यांनी ९२.२ टक्के ओळींवर दिली. दूध, सोयाबीन आणि शेतीतला नाजूक माल आपण सवलतीबाहेर ठेवला.

इथे एक बारकाई सांगतो, लिहून घ्या. १७०१ बाहेर ठेवलं म्हणजे साखर सुरक्षित झाली, असं नसतं. साखरेच्या गोळ्या १७०४ मध्ये येतात. ग्लुकोज, फ्रुक्टोज १७०२ मध्ये. दुधाचंही तसंच. दूध पावडर बाहेर ठेवली आणि दुधाचा अंश असलेले तयार पदार्थ १९०१ मध्ये मोकळे ठेवले, तर दूध वेगळ्या पिशवीतून आत येतं. म्हणून यादी वाचणारा माणूस धंद्यातला हवा. नुसता कायदा जाणणारा पुरत नाही.

दुसरी पायरी, मूळ कुठलं. सवलत आहे ती त्या देशाच्या मालाला. समजा सूत चीनमधून आलं आणि कापड इचलकरंजीत विणलं, तर ते कापड भारतीय म्हणायचं का? काही करारांत विणलं एवढं पुरतं, काहींत सूतही इथलंच लागतं. या एका नियमावर यंत्रमागवाल्याला सवलत मिळणार की नाही हे ठरतं. शुल्क शून्य झालं म्हणून पेढे वाटायचे आणि नंतर कळायचं की आपला माल नियमात बसतच नाही, असं होऊ शकतं.

तिसरी पायरी, प्रतवारी आणि औषधांचे अंश. २०१० मध्ये आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले. शुल्कामुळे नाही, तर क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचा अंश सापडला म्हणून. सांगली-नाशिकच्या बागायतदारांना ते वर्ष आठवत असेल. शुल्काची भिंत पाडली तरी ही दुसरी भिंत राहते. तिला दार ठेवायचं असेल तर एकमेकांच्या प्रयोगशाळांचे दाखले मान्य करण्याची कलमं लागतात.

चौथी पायरी, देवाणघेवाण. एफ्टाच्या करारात आपण वेगळी गोष्ट मागितली. त्यांनी १५ वर्षांत १०० अब्ज डॉलर्सची गुंतवणूक आणि १० लाख थेट रोजगार यांचं उद्दिष्ट लिहून दिलं. पहिल्या १० वर्षांत ५० अब्ज, पुढच्या ५ वर्षांत ५० अब्ज. ते झालं नाही तर चर्चेच्या ठरलेल्या पायऱ्यांनंतर आपण दिलेल्या सवलती कमी करू शकतो. बाजार आम्ही देतो, तुम्ही भांडवल आणा, असा हा हिशेब. तो किती उतरतो हे पुढे कळेल, पण मागणीची पद्धत म्हणून ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आणि सगळ्यात शेवटी, शेवटची ओळ ठरेपर्यंत पहिली ओळही ठरलेली नसते. आज साखरेवर मान्य केलेलं उद्या मोटारींच्या बदल्यात सुटू शकतं. म्हणून आपल्या धंद्याचं कलम "झालं" असं कुणी सांगितलं, तरी सही होईपर्यंत बेसावध राहू नये.

आपल्या वतीने कोण बोलतं?

मंडळी, आता खरा प्रश्न. या टेबलावर शिरोळच्या उसाच्या आणि दुधाच्या वतीने कोण बसतं?

राज्यघटनेत शेती राज्याच्या यादीत आहे. परदेशी व्यापार केंद्राच्या यादीत आहे. करार केंद्र सरकार करतं. युरोपात संसदेची संमती लागते. आपल्याकडे करारावर संसदेचं मतदान झालंच पाहिजे असं बंधन नाही. म्हणजे वॉलोनियाच्या विधिमंडळाकडे जो नकार होता, तो महाराष्ट्राच्या विधानसभेकडे नाही. शेती राज्याची, पण शेतमालाचा सौदा दुसरीकडे. हे बरं की वाईट यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. एका प्रांताने सगळ्या देशाला अडवून ठेवणंही परवडत नाही. पण याचा अर्थ एक निघतो. आपल्याला शेवटी मत देता येणार नसेल, तर आधी बोलणं भाग आहे.

आधी बोलल्याचा उपयोग होतो का? होतो. २०१९ चं उदाहरण आहे. आसियान आणि चीन, जपान, कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड मिळून आरसेप नावाचा मोठा करार होत होता. न्यूझीलंड आपल्या दुधातलं बहुतेक सगळं परदेशी विकतं. आपल्याकडे गोठ्यात दोन-चार जनावरं, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध, दहा दिवसांनी बिल. कोल्हापूर जिल्ह्यात गोकुळ १९६३ पासून उभा आहे तो याच दुधावर. देशभरातल्या दूध संघांनी आणि शेतकरी संघटनांनी एकमुखाने विरोध नोंदवला. पोलाद, कापड वगैरे धंद्यांचाही विरोध होता, चीनची भीती होती. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये भारताने बाहेर राहायचं ठरवलं. दूध हे त्यातलं एकच कारण होतं, पण ते ऐकलं गेलं, कारण बोलणारे विखुरलेले नव्हते. त्यानंतरच्या करारांत दूध बाहेर ठेवायची रीतच पडली.

उसाचं मात्र वेगळं आहे. २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी भारताविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. तक्रारीत एक मुद्दा होता आपली एफआरपी. डिसेंबर २०२१ मध्ये पंचांचा निर्णय भारताविरुद्ध गेला. भारताने अपील केलं. पण तिथलं अपील मंडळ अमेरिकेने सभासदांच्या नेमणुका रोखल्यामुळे बंद पडलंय, म्हणून प्रकरण लोंबकळत आहे. म्हणजे ज्या ३,५५० रुपयांवर आपण जयसिंगपूरला भांडतो, ते योग्य की अयोग्य यावर जिनिव्हात निकाल लिहून झालाय. ते मंडळ उद्या सुरू झालं तर? युरोपला २००५ ला जे झालं ते आपल्याला कधीच होणार नाही, असं धरून चालू नये.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. साखर संघ, दूध संघ, यंत्रमागधारकांच्या संघटना, द्राक्ष बागायतदार, यांनी प्रत्येक वाटाघाटीच्या सुरुवातीलाच आपलं निवेदन वाणिज्य मंत्रालयाकडे द्यावं. तेही नुसतं "आमच्या धंद्याला संरक्षण द्या" असं नको. कुठला सांकेतिक क्रमांक, किती वर्षांची मुदत, मूळ ठरवायचा कुठला नियम परवडतो, हे आकड्यांसह. टेबलावर बसलेला अधिकारी रात्री दोन वाजता यादी चाळत असतो. त्याच्या हातात ज्याचा कागद असतो, त्याचं म्हणणं टिकायची शक्यता जास्त.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: युरोपशी करार झाला तर आपल्या साखरेची निर्यात वाढेल का? दर वाढेल का?*

फार आशा ठेवू नका. एक, युरोप स्वतः बीटची साखर पिकवतो आणि तिला जपतो. आपला तो १०,००० टनांचा जुना कोटाच आहे, ब्रेक्झिटनंतर तोही युरोप आणि ब्रिटनमध्ये विभागला गेला. दोन, आपली निर्यात आपलंच सरकार ठरवतं. या वर्षी जानेवारीत १० लाख टनांची परवानगी मिळाली होती. म्हणजे दार उघडण्याआधी आपल्याच घराची कडी काढावी लागते. गूळ, खास प्रतीची साखर, सेंद्रिय माल यांना जागा आहे. मॉरिशसने तेच केलं. गंमत बघा, २०२१ मध्ये भारत आणि मॉरिशसचा करार झाला, त्यात मॉरिशसच्या खास साखरेला आपल्याकडे सवलत आहे.

*प्रश्न: कोल्हापुरी चपलेला जीआय आहे. तरी मिलानच्या फॅशन शोमध्ये तशीच चप्पल दिसली. मग जीआयचा उपयोग काय?*

चांगला प्रश्न आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तो अर्ज महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांनी मिळून चालवला, दोन्हीकडचे चार-चार जिल्हे धरून. सीमेवरून वाद असलेली दोन राज्यं चपलेसाठी एकत्र आली, हेही एका गटाचं उदाहरणच. पण हे मानांकन भारतात लागू आहे. युरोपात ते आपोआप चालत नाही, तिथे वेगळी नोंद किंवा करार लागतो. युरोपमध्ये आतापर्यंत संघाच्या पातळीवर वाईन, चीज अशा खाण्यापिण्याच्या वस्तूंनाच हे संरक्षण होतं. हस्तकलेच्या वस्तूंसाठीचा नवा कायदा १ डिसेंबर २०२५ पासून तिथे लागू होतोय. म्हणजे दार आत्ता उघडतंय. यंदा प्राडाच्या प्रकरणात गाजावाजा झाला आणि कंपनीने भारतीय कारागिरीतून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. पण पुढच्या वेळी नुसत्या गाजावाजावर भागणार नाही, नोंद पाहिजे. आणि तीही फक्त नाव वाचवते. रचनेची नक्कल थांबवायला वेगळा कायदा लागतो.

*प्रश्न: आम्ही दोन म्हशीवाल्या बायका. आम्हाला यातलं काय कळणार, आणि आमचं कोण ऐकणार?*

ताई, तुम्ही दूध संस्थेच्या सभासद आहात ना? मग वार्षिक सभेत विचारा, आपल्या संघाने परदेशी दुधाबद्दल सरकारला काय कळवलंय, त्याची प्रत दाखवा. एवढा एक प्रश्न दहा संस्थांत विचारला गेला, तर संघाला ते कळवावंच लागेल. आरसेपच्या वेळी टेबलावर तुम्ही नव्हता, पण तुमची जनावरं मोजली गेली होती. दोन म्हशींवर चालणारी कुटुंबं किती, हा आकडाच त्या वेळी आपल्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा होता. तो आकडा पुढेही कुणीतरी त्या टेबलापर्यंत नेत राहिलं पाहिजे, आणि ते काम तुमच्या संस्थेचं आहे.